मुद्दल मोडून जगणारा जीव

प्राचीन ग्रीसमध्ये ऑक्टोपसविषयी एक समज रूढ होता. हिवाळ्यात समुद्र खवळला आणि शिकार मिळेनाशी झाली, की हा अस्थिहीन प्राणी आपल्या अंधाऱ्या बिळात बसून स्वतःचेच पाय कुरतडून खातो, असे लोक मानीत. हेसिओड या प्राचीन कवीने आपल्या शेतीविषयक काव्यात कडाक्याच्या थंडीचे वर्णन करताना या समजुतीचा उल्लेख केला आहे. पुढे काही शतकांनी ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरील ग्रंथ रचला आणि त्यात ही समजूत खोडून काढली. ऑक्टोपस स्वतःला खात नाही, त्याचे तुटलेले पाय दिसतात ते वाम जातीच्या मोठ्या माशांनी तोडलेले असतात, असे त्याचे म्हणणे होते. निरीक्षणाच्या कसोटीवर ॲरिस्टॉटल बरोबर ठरला. बंदिस्त टाक्यांत काही ऑक्टोपस आपले पाय खरोखर कुरतडताना आढळले आहेत, पण तो रोगाचा परिणाम मानला जातो, भुकेचा नव्हे.

असे असले तरी कवीची गोष्ट अगदीच वाया गेली असे म्हणता येणार नाही. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत शास्त्रज्ञांनी उपाशी ऑक्टोपसच्या शरीराचा जमाखर्च तपासला, तेव्हा त्यांना असे दिसले, की हा प्राणी भुकेच्या काळात खरोखरच स्वतःला खातो. फक्त ते खाणे चोचीने होत नाही. ते आतल्या आत, पेशीपेशीतून चालते आणि बाहेरून पाहणाऱ्याला फार उशिरा कळते.

शरीराचा जमाखर्च हा शब्दप्रयोग केवळ अलंकारिक नाही. प्रत्येक सजीवाला दररोज काही ठरावीक ऊर्जा लागते, आणि आवक थांबली की ती साठ्यातून काढावी लागते. माणसाच्या शरीरात या साठ्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेची, म्हणजे ग्लायकोजेनची. तिला गल्ल्यातील रोकड म्हणावे. ती जेमतेम एखादा दिवस पुरते. दुसरी पायरी चरबीची, जी अडीअडचणीसाठी बाजूला काढून ठेवलेल्या ठेवीसारखी असते. तिसरी पायरी स्नायूंतील प्रथिनांची. पण स्नायू हा साठा नव्हेच, ते चालत्या धंद्याचे भांडवल आहे. दुकानाचा माल, तराजू, फडताळे आणि अखेर दुकानाची जागाच विकून घर चालवावे, तसे स्नायू जाळून जगणे असते. म्हणून माणसाचे शरीर शक्य तितका काळ चरबीवर भागवते आणि स्नायूंना राखते.

चरबीच ठेव म्हणून का निवडली गेली, हे साध्या गणिताने समजते. एक ग्रॅम चरबीतून सुमारे ९ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम प्रथिनातून सुमारे ४. त्यातही स्नायूच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याचा असतो, चरबीच्या साठ्यात पाणी फारच थोडे. त्यामुळे प्रत्यक्षात एक ग्रॅम ओला स्नायू मोडला तर हाती जेमतेम एका कॅलरीएवढे येते. ७० किलो वजनाच्या माणसाच्या अंगावर १२ किलो चरबी असेल, तर त्यात एक लाखाहून अधिक कॅलरींची शिल्लक असते. दिवसाला २००० कॅलरींचा खर्च धरला तरी ती पन्नास दिवसांची बेगमी झाली. उंटाचे कुबड आणि शीतनिद्रेत जाणाऱ्या अस्वलाची पुष्ट काया ही याच शहाणपणाची रूपे आहेत.

ऑक्टोपसने मात्र हा मार्ग धरलेला नाही. त्याच्या स्नायूंत चरबी अगदी नाममात्र, म्हणजे शंभरात एक-दोन भाग एवढीच असते. कातडीखाली चरबीचा थर नसतो. ग्लायकोजेनचा साठाही तुटपुंजा असतो. चरबीची जी काही पुंजी आहे ती मुख्यत्वे एका अवयवात साठलेली असते. त्याला पाचकग्रंथी म्हणतात. यकृताशी साधर्म्य असलेली ही तपकिरी ग्रंथी अन्न पचवते, शोषते आणि थोडेफार साठवतेही. याशिवाय त्याच्यापाशी दुसरी वखार नाही.

याचे कारण त्याच्या आहारात आणि आयुष्यक्रमात आहे. खेकडे, शिंपले, कोळंबी हे त्याचे खाद्य प्रथिनांनी समृद्ध आणि चरबीने गरीब असते. त्याची सारी पचनव्यवस्था प्रथिनांवर चालण्यासाठी घडलेली आहे, आणि चरबीचे प्रमाण जास्त असलेले अन्न दिले तर त्यातील बराच भाग न पचताच बाहेर टाकला जातो. शिवाय त्याचे आयुष्य अल्प आहे. भूमध्य समुद्रात आणि अटलांटिकच्या किनाऱ्यावर आढळणारा सामान्य ऑक्टोपस साधारण एक ते दोन वर्षेच जगतो. एवढ्या अवधीत तांदळाच्या दाण्याहून लहान पिल्लापासून काही किलो वजनापर्यंत त्याला वाढायचे असते. म्हणून हाती आलेले जवळजवळ सारे तो वाढीत घालतो. नफा बाजूला न काढता पुन्हा धंद्यातच गुंतवणाऱ्या, वेगाने वाढणाऱ्या पण राखीव निधी न ठेवणाऱ्या पेढीसारखा त्याचा व्यवहार असतो.

अशा पेढीवर मंदी आली की काय होते, याचे उत्तर उपासमारीच्या प्रयोगांतून मिळाले. अन्न बंद झाल्यावर प्रथम पाचकग्रंथी आकसू लागते. तिच्यातील चरबी दोन प्रकारची असते. एक साठवणीची, तिला ट्रायग्लिसराइड म्हणतात. दुसरी बांधकामाची, म्हणजे पेशींच्या भिंती ज्यांपासून बनतात ती फॉस्फोलिपिडे आणि कोलेस्टेरॉल. शरीर आधी साठवणीच्या चरबीला हात घालते आणि बांधकामाची चरबी शक्य तितकी राखते. घरातील धान्य संपेपर्यंत तुळयांना कोणी कुऱ्हाड लावत नाही, तसाच हा क्रम. पण ग्रंथीतील धान्य थोडे असते. लवकरच स्नायूंची पाळी येते. धडाच्या आणि हातांच्या स्नायूंतील प्रथिने सुटी होऊन अमिनो आम्लांच्या रूपाने रक्तात येतात आणि त्यांवर देह चालू राहतो. ऑक्टोपसच्या बाबतीत स्नायू हेच हातपाय आहेत आणि स्नायू हीच बचत आहे. ज्या बळावर शिकार करायची, तेच बळ रोज थोडे थोडे खर्ची पडते.

तरीही तो आठवडेच्या आठवडे तग धरतो, कारण त्याचा खर्च कमी आहे. शीत रक्ताचा प्राणी असल्याने देह उबदार ठेवण्याचा भार त्याच्यावर नाही. बिळात निश्चल बसून राहिले की खर्च आणखी उतरतो. ठेव नसलेल्या माणसाने काटकसरीवर दिवस ढकलावेत, तसा तो दिवस ढकलतो. शिकार मिळाली की पुन्हा झपाट्याने वाढू लागतो, आणि मोडलेले भांडवल भरून निघते.

आतापर्यंत सांगितली ती उपासमार. अन्न नाही म्हणून खाणे नाही. पण मादी ऑक्टोपसच्या आयुष्यात एक काळ असा येतो, की अन्न समोर असते आणि ती खात नाही. हा काळ अंडी उबवण्याचा.

सामान्य ऑक्टोपसची मादी बिळाच्या छताला लक्षावधी अंड्यांचे घोस लटकावते. त्यानंतर ती बिळ सोडत नाही. चूषकांनी ती अंडी पुसत राहते, नळीतून पाण्याचे झोत सोडून त्यांना प्राणवायू पुरवते, जवळ येणाऱ्या प्राण्यांना हुसकावते. पाण्याच्या तापमानानुसार हा काळ एक ते दोन महिन्यांचा असतो. या अवधीत मादी जवळजवळ काहीच खात नाही. तिच्या वजनाचा फार मोठा हिस्सा या काळात झिजून जातो, आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास ती मरण पावते. अंड्यांवर बसलेली मादी अन्नाच्या शोधात जात नाही आणि खंगते, हे ॲरिस्टॉटलनेही नोंदवून ठेवले आहे.

या अन्नत्यागाचे सर्वांत विलक्षण उदाहरण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील मॉन्टेरे दरीत पाहायला मिळाले. तेथील सागरी संशोधन संस्थेचे ब्रूस रॉबिसन आणि त्यांचे सहकारी दूरनियंत्रित यान खोल पाण्यात पाठवून पाहणी करीत असत. २००७ च्या मे महिन्यात सुमारे १४०० मीटर खोलीवर एका कड्याला चिकटून बसलेली, खोल समुद्रातील जातीची एक मादी त्यांना दिसली. तिच्या अंगावरील व्रणांमुळे ती पुढेही नेमकी ओळखता येत होती. संशोधक पुन्हा पुन्हा तेथे गेले. दर वेळी तीच मादी, त्याच जागी, त्याच अंड्यांवर होती. शेवटची ती सप्टेंबर २०११ मध्ये दिसली. पुढच्या महिन्यात यान गेले तेव्हा कड्यावर फुटलेल्या अंड्यांची रिकामी कवचे उरली होती. हा अवधी ५३ महिन्यांचा भरला. अंडी उबवण्याचा एवढा दीर्घ काळ आजवर कोणत्याही प्राण्यात नोंदला गेलेला नाही.

या साऱ्या भेटींत ती एकदाही काही खाताना दिसली नाही. खेकडे आणि कोळंबी जवळून जात, तेव्हा अंड्यांना धोका वाटल्यास ती त्यांना दूर लोटी, पण धरीत नसे. यानाच्या यांत्रिक हाताने खेकड्याचे तुकडे पुढे केले, तेही तिने नाकारले. वर्षामागून वर्ष तिचा रंग फिका होत गेला, कातडी सैल पडली, डोळे धूसर झाले. तेथील पाणी सुमारे ३ अंश सेल्सिअस इतके थंड असते. त्या थंडीत देहाचा खर्च अत्यल्प राहतो, म्हणूनच एवढा दीर्घ काळ निभावणे शक्य झाले असावे. पण त्याच थंडीमुळे अंड्यांतील पिल्लांची वाढही संथ होते आणि आईचा पहारा लांबतो.

या मादीची अंडी थोडी होती, सुमारे १६०. सामान्य ऑक्टोपसची पिल्ले अंड्यातून निघतात ती दोन-तीन मिलिमीटरची असतात, पुंजी म्हणून पिवळ्या बलकाचा किंचित अंश घेऊन प्रवाहात वाहत जातात आणि त्यांतील बहुतेक नष्ट होतात. खोल समुद्रातील पिल्ले मात्र मोठी, पूर्ण घडलेली, बाहेर पडताच शिकार करण्यास समर्थ अशी असतात. आईच्या देहातून अंड्यात उतरलेली प्रथिने आणि चरबी हे त्यांचे आरंभीचे भांडवल असते. एकीकडे लाखोंना चिमूटभर, दुसरीकडे मोजक्यांना भरपूर. निसर्गाने वारसाहक्काचे दोन्ही प्रकार आजमावून पाहिले आहेत.

या दर्शनाला त्याग म्हणावे, हे कोणाही संवेदनशील मनाला पटकन सुचते. पण तसे म्हणण्यापूर्वी आणखी एक प्रयोग ध्यानात घ्यावा लागतो. १९७७ साली जेरोम वोडिन्स्की या अमेरिकी शास्त्रज्ञाने अंडी घातलेल्या माद्यांच्या डोळ्यांमागील दोन लहानशा ग्रंथी शस्त्रक्रियेने काढल्या. या माद्यांनी अंडी सोडली, त्या पुन्हा खाऊ लागल्या, त्यांचे वजन वाढले आणि त्या इतरांहून बऱ्याच अधिक जगल्या. म्हणजे अन्नत्यागाची आज्ञा या ग्रंथींतून येत होती. स्नायूंतील प्रथिने सुटी करून अंडाशयाकडे वळवण्याचा हुकूमही याच ग्रंथींचा असतो, हे त्याच सुमारास दुसऱ्या संशोधकांनी दाखवले.

२०२२ मध्ये यान वांग, क्लिफ्टन रॅग्सडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्याचा आणखी एक पदर उलगडला. अंडी घातल्यानंतर या ग्रंथींतील कोलेस्टेरॉलचा व्यवहार पार बदलून जातो, असे त्यांना आढळले. कोलेस्टेरॉल तयार होण्याआधीच्या टप्प्यावरील एक द्रव्य वाढते, काही संप्रेरके वाढतात, पित्ताम्लांचे पूर्वघटकही वाढतात. माणसांतील एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात हेच आधीच्या टप्प्यावरील द्रव्य साचते आणि त्या आजाराच्या रुग्णांत स्वतःला इजा करून घेण्याची प्रवृत्ती आढळते. गोष्ट पुन्हा मेदाशीच येऊन थांबते. पोटापाण्याची चरबी ऑक्टोपसपाशी थोडी असते, पण मरणाचा निरोप मात्र मेदवर्गातल्याच एका पदार्थाच्या व्यवहारातून निघतो.

मराठीत या संदर्भात तीन शब्द आहेत आणि त्यांतील भेद मोलाचा आहे. अन्न नसल्याने घडते ती उपासमार. अन्न असूनही, कळून सवरून, ठरावीक मर्यादेत माणूस करतो तो उपवास. मॉन्टेरे दरीतील मादीचे वागणे या दोन्हींत बसत नाही. तिला अन्न उपलब्ध होते, पण निवड उपलब्ध नव्हती. तिला केवळ अन्नत्याग म्हणता येईल, तोही त्यागाचा गर्भित अर्थ बाजूला ठेवून. तिच्यावर माणसाचा संकल्प लादणे हा जसा भाबडेपणा, तसेच ग्रंथीचा खेळ म्हणून तिच्याकडे यंत्रासारखे पाहणे हाही कोरडेपणा होय. खेकड्याचा तुकडा दूर लोटताना तिच्या आत काय घडत होते, हे कोणत्याही वहीत उतरलेले नाही.

दक्षिण ध्रुवप्रदेशातील सम्राट पेंग्विनशी तुलना केली तर हा भेद आणखी स्पष्ट होतो. नर पेंग्विन भर हिवाळ्यात पायांवर अंडे घेऊन उभा राहतो आणि जवळजवळ चार महिने काही खात नाही. पण तो अंगावर चरबीचा मोठा साठा घेऊन येतो. जोडीदारीण परतण्यास फारच उशीर झाला आणि चरबी एका मर्यादेखाली उतरली, की त्याचे शरीर धोक्याची सूचना देते. तो अंडे सोडून समुद्राकडे चालू लागतो. तो जगला तर पुढच्या वर्षी पुन्हा अंडे उबवता येते. ऑक्टोपसच्या आईला पुढचे वर्ष नसते, म्हणून तिच्या शरीरात थांबण्याची रेषाही आखलेली नाही. तिचे खाते एकदाच उघडते आणि शिल्लक शून्य झाल्यावर बंद होते.

या कहाणीतील सर्वांत मोठी हानी चरबीची किंवा स्नायूंची नव्हे. ऑक्टोपस हा अपृष्ठवंशीय प्राण्यांतील सर्वांत बुद्धिमान जीवांपैकी एक मानला जातो. त्याच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतील बहुसंख्य हातांत पसरलेल्या असतात. तो बरणीचे झाकण उघडतो, वाटा लक्षात ठेवतो, अनुभवातून शिकतो. पण जे शिकतो ते कोणालाही देऊन जात नाही. पिल्ले डोळे उघडतात तेव्हा आई मेलेली किंवा मरणपंथाला लागलेली असते, आणि बापाचे आयुष्यही मीलनानंतर फार काळ उरत नाही. प्रत्येक पिढीला पहिल्या पानापासून नवी वही लिहावी लागते. एवढी बुद्धी असूनही या कुळात दुकानाच्या गादीवर शेजारी बसून मुलाने बापाकडून माल पारखायला शिकावे, असे कधी घडले नाही. माणसाची खरी ठेव चरबीत किंवा तिजोरीत नसून दोन-तीन पिढ्या एका छताखाली बसण्यात आहे, हे या प्राण्याकडे पाहिले की उमगते. जे आईबाप मुलांच्या शिक्षणासाठी, लग्नासाठी, धंद्यासाठी ठेव मोडतात आणि मग मुद्दलही मोडतात, त्यांनाही हा पेंग्विनाचा आणि ऑक्टोपसचा फरक विचारात घेण्याजोगा वाटेल. मुलांना भांडवल द्यावे, पण ते वापरायला शिकवण्यापुरते स्वतः उरावे.

शेवटी एका ऋणाची नोंद केल्याशिवाय हा जमाखर्च पुरा होत नाही. वर दिलेल्या माहितीतील बरीचशी प्रयोगशाळेच्या टाक्यांत ऑक्टोपसना मुद्दाम उपाशी ठेवून मिळवलेली आहे. त्यामागे निव्वळ जिज्ञासा होती असे नाही. स्पेनसारख्या देशांत ऑक्टोपसला खाद्य म्हणून मोठी मागणी आहे, आणि त्याला बंदिस्त वाढवून विकता येईल का, कोणता खुराक द्यावा, तो उपाशी किती काळ टिकतो, हे जाणण्यात व्यापाराचाही हेतू होता. कॅनरी बेटांवर असे मोठे पैदास केंद्र उभारण्याची योजना पुढे आल्यावर तिला जगभरातून विरोध झाला. ऑक्टोपसवरील इतर संशोधनाने त्याला वेदना आणि जाणीव असल्याचे पुरावेही पुढे आणले, हे विशेष. युरोपीय संघाने २०१० च्या निर्देशाने प्रयोगांतील संरक्षण ऑक्टोपसच्या वर्गालाही लागू केले. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात त्यांना जाणीव असलेले प्राणी म्हणून मान्यता दिली. अमेरिकेतील वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये ऑक्टोपसच्या पैदाशीवर बंदी घातली.

ज्याच्या भुकेचा हिशोब मांडून माणसाने ज्ञान मिळवले, त्याच्या भुकेची दखलही त्या ज्ञानाने घ्यावी, हा व्यवहार उचितच म्हणावा लागेल. अजून पुष्कळ देणे बाकी आहे. पण खात्यावर पहिली जमा पडली आहे.